मालकाच्या हातावरचा एक पैसा

विड्यांच्या जुन्या सुपात काल ॲल्युमिनियमचा एक पैसा सापडला आणि तोंड कडू झालं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात असाच पैसा विडी कारखान्याच्या मालकाने आईच्या हातावर ठेवला होता. ती मजुरी मागायला गेलेली. दर शुक्रवारी दारात येणाऱ्या भिकाऱ्यांतली समजून त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढे तो महापालिकेसाठी मतं मागत आमच्या दारात आला. आईने तोच पैसा त्याच्या हातावर ठेवला.

"घे की बाबा, अन् पुढं जा."

गल्लीतल्या बायका हसल्या. त्याने पैसा कपाळाला लावला. "माउलीनं आशीर्वाद दिला," म्हणाला आणि निवडूनही आला.

तेव्हा वाटलं, आई जिंकली. आता कळतं, अशाच्या हातात शिवीसुद्धा देऊ नये. त्याची खुर्चीच काढून घ्यावी. आजही त्याच्याच घरात असलेली ती खुर्ची यंदाच्या निवडणुकीत मी घेणार आहे.