मागच्या सीटवर आवाज येईना

अंबरपेठेतल्या सरोजकाकूंच्या घरात उघडं असं काही राहत नाही. फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या मुठीला वेगळं कव्हर, मिक्सरला, इस्त्रीला, इन्व्हर्टरला, आणि वॉशिंग मशीनला तर दोन, एक रोजचं आणि एक पाहुणे येणार असले की घालायचं. गॅसच्या सिलिंडरला त्यांनी खणाचा झगा शिवलाय. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर रबरबँड, आणि त्यातून बटणं दाबून दाबून त्यांचे यजमान माधवराव यांचा अंगठा पैलवान झालाय. सोफा येऊन एकोणीस वर्षं झाली, पण त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात अजून एकमत नाही.

या कव्हरांना कुणी हसलं तर काकूंना राग येत नाही, हसणाऱ्याची कीव येते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरासमोर लाकडाची वखार होती. दिवसातून तीनदा पुसलं तरी टेबलावरून बोट फिरवलं की भुसा. माधवराव महसूल खात्यात कारकून, त्यामुळे कुठलीही वस्तू घरात यायची ती फार वाट पाहायला लावून. आलेली वस्तू जपायची नाही तर काय करायचं? पुढे वखार गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलं, पण काकूंचं शिलाई मशीन काही थांबलं नाही. आणि हात असा की बघत राहावं. टीप सरळ रेषेत, कडेला लेस, आणि काज घातलेलं कळूसुद्धा नये. सून वृषाली एरवी या कव्हरांवर वैतागलेली असते, पण तिलाही हे कबूल आहे. गेल्याच महिन्यात मिक्सरचं कव्हर काढता काढता ती म्हणाली होती, की आई, एक दिवस तुमच्या कव्हरात काहीतरी गुदमरून मरणार आहे, आणि त्या दिवशी मी घरातली सगळी कव्हरं उतरवणार. काकूंनी ते ऐकलं आणि मनाशी खूणगाठ बांधून ठेवली.

उन्हाळ्यात मुलानं, केदारनं, सात सीटची नवी गाडी घेतली. घेतली ती आईवडलांपायीच. महिन्यातून एकदा सगळे काकूंच्या माहेरी, भालकीला जातात. चार तासांचा रस्ता, मागच्या सीटवर दोघं, आणि जुन्या गाडीत गाणंबिणं लावायची सोय एकच. काकूंना तेलुगू मालिका लागतात. तेलुगू त्या मालिकांवरच शिकल्या, त्यामुळे भाजीवालीशी बोलतानाही त्यांचा सूर सुनेला घराबाहेर काढणाऱ्या सासूचा असतो. माधवरावांना हवेत जुने क्रिकेटचे सामने, ज्यांचे निकाल त्यांना तोंडपाठ आहेत. संगारेड्डी येईपर्यंत दोघं भांडून दमत आणि जहीराबादला चहा पिऊन पुन्हा ताजेतवाने होत. नव्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीला एकेक स्क्रीन होता, दोन्ही वेगवेगळे चालणारे, आणि बरोबर रिमोट नि बिनवायरचे दोन हेडफोन. शोरूममध्ये ते पाहून केदारचे डोळे भरून आले, असं वृषाली सांगते.

पहिली फेरी म्हणजे नुसती मजा. वृषालीनं पेनड्राइव्हवर मालिका नि सामने भरून दिले, दोघांनी हेडफोन चढवले, आणि गाडीत इतकी शांतता पसरली की केदारनं आरशातून दोनदा पाहून घेतलं, दोघं ठीक आहेत ना. ठीक कसली, रंगात आली होती. काकू मधूनच खदखदून हसत आणि हेडफोन घातलेल्या माणसासारख्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "अगं वृषाली, मी ओरडत तर नाही ना?" माधवराव चाळीस वर्षांपूर्वीच्या चौकाराला टाळ्या वाजवत. भालकीला उतरल्यावर काकू भावाला म्हणाल्या, रस्ता फार लवकर संपला बाई, परत एकदा जाऊन यावंसं वाटतं.

परत आल्यावर त्यांनी टेप काढली आणि सीटची मापं घेतली.

चार दिवसांत कव्हरं तयार झाली. मरून मखमल, आतून जाड अस्तर, खाली दोन बोटं रुंद सोनेरी लेस. काकू काही अडाणी नव्हेत, स्क्रीन दिसायला हवा म्हणून तेवढी चौकट त्यांनी मापात कापली आणि तिला पायपिंग केलं. स्क्रीनच्या खाली अंगठ्याच्या नखाएवढी काळी काच होती, ती लेशीखाली गेली. ती काच कशासाठी असते हे कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांनी कव्हरांची तारीफ केली. वृषालीनंसुद्धा.

पुढच्या फेरीला चित्र दिसायला लागलं, आवाज येईना. स्क्रीनला बोट लावलं की मालिका सुरू व्हायची, पण हेडफोन मुके आणि रिमोट मेलेला. आवाज गाडीच्या स्पीकरवर घेता येत होता, पण कुणाचा घ्यायचा? म्हणजे संगारेड्डीपर्यंत पुन्हा तेच भांडण.

त्या रविवारी घरात तपास सुरू झाला. वृषालीनं रिमोटचे सेल बदलले, हेडफोनचे बदलले, हेडफोनवरचं एक-दोनचं बटण उलटसुलट केलं, पेनड्राइव्ह पुसून नवा भरला, सगळं बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं. केदारनं फ्यूज तपासला. माधवरावांनी माहितीपुस्तक ताब्यात घेतलं आणि एखादी फाइल वाचावी तसं पहिल्या पानापासून, पेन्सिलीनं खुणा करत वाचायला घेतलं. चौऱ्याऐंशीव्या पानावर त्यांना सापडलं, की हेडफोन आणि स्क्रीन यांच्यामध्ये कुठलाही अडथळा नसावा. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काकूंच्या मांडीवरची पर्स खाली ठेवली गेली, पाण्याची बाटली हलवली गेली, माधवराव स्वतः पोट आत घेऊन बसले. अडथळा म्हणून कव्हराकडे कुणाचं बोट गेलं नाही, कारण त्या घरात कव्हर ही वस्तूच नव्हती. भिंतीला रंग असतो तसं ते असायचंच.

मग गाडी कुकटपल्लीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. जाण्याआधी काकूंनी दोन्ही कव्हरं काढून घडी करून कपाटात ठेवली. गॅरेजमधले लोक, त्यांचे तेलाचे हात, आणि ही मखमल! तिथे मोईनभाई म्हणून बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस होता, गाड्यांच्या वायरिंगचं काम तोच बघे. त्यानं रिमोट दाबला, चाललं. हेडफोन घातला, खणखणीत आवाज. काही बिघाड नाही म्हणाला. गाडी घरी आली, काकूंनी कव्हरं चढवली, आवाज गेला.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मोईनभाईनं पूर्ण युनिट उघडून तारा तपासल्या, पुन्हा लावल्या आणि कागदावर सही करून दिली की सर्व ठीक आहे. त्याच संध्याकाळी अंबरपेठेत पुन्हा सगळं मुकं. केदार शांत माणूस, पण आता त्याचं डोकं फिरलं. हा माणूस काहीतरी तात्पुरतं करतो आणि खोटी सही देतो, असं त्यानं कंपनीच्या वरच्या ऑफिसला लेखी कळवून टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी मोईनभाई स्वतःच्या स्कूटरवर अंबरपेठेत हजर. गेटपाशी स्कूटर थांबली तशी काकू वर खिडकीत होत्या. मेकॅनिक दिसताच त्या सवयीनं लगबगीनं खाली गेल्या आणि त्यानं हेल्मेट काढेपर्यंत गाडीतली कव्हरं काढून काखेत घेतली. मोईनभाई मागच्या सीटवर बसला, बटण दाबलं. सगळं झकास. केदारनं कपाळावर हात मारला. "तुम्ही आलात की चालतं," एवढंच तो म्हणाला, आणि चहाला वर चला म्हणून त्याला घेऊन गेला.

काकू मागे राहिल्या. मालिका चालूच होती, आणि मालिकेतली सून आता नेमकी कपाट उघडणार होती. त्यांनी हेडफोन घातला, आणि बघता बघता कव्हरही सीटवर चढवायला घेतलं. लेस खाली आली आणि सून बोलता बोलता गप्प झाली. ओठ हलतायत, शब्द नाही. काकूंनी लेस उचलली. सून बोलायला लागली. लेस सोडली, गप्प. उचलली, बोलली. काकूंना इतका आनंद झाला की काही विचारू नका. घरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना, एवढ्या जाड पुस्तकाला जे जमलं नाही ते त्यांनी शोधून काढलं होतं! आठ-दहा वेळा त्यांनी लेस वरखाली केली, लहान मुलीसारख्या एकट्याच हसत बसल्या. मग त्या लेशीकडे त्यांनी नीट पाहिलं, आणि ती कुणी शिवली ते त्यांच्या ध्यानात आलं.

वृषालीचे शब्द आठवले. एक दिवस काहीतरी गुदमरून मरणार. आता ही बातमी वर गेली की सिलिंडरचा झगा जाणार, वॉशिंग मशीनची दोन्ही कव्हरं जाणार, आणि भालकीपर्यंत सगळं गणगोत पुढची दहा वर्षं हसणार. पण कळणार कसं? कव्हरं कपाटात टाकायची, रंग उतरतोय असं काहीतरी सांगायचं. आवाज आपोआप सुरू होईल. काकूंनी कव्हरांची घडी पदराखाली घेतली आणि निष्पाप चेहऱ्यानं वर गेल्या.

वर मोईनभाई चहाला हात न लावता बसला होता. कंपनीतून पत्र आलं होतं. तक्रार मागे गेली नाही तर सोमवारपासून त्याला वायरिंगवरून काढून गाड्या धुण्याच्या कामावर टाकणार होते. बावीस वर्षांपूर्वी तो तिथूनच वर आला होता. केदार खाली मान घालून ऐकत होता, पण त्याचा हट्ट सुटत नव्हता. बिघाड तर आहेच ना, तो म्हणाला, माझ्या चार रविवारांचं काय?

काकूंनी मधला रस्ता काढला. जाऊ दे रे, त्या म्हणाल्या, माणसाकडून चुका होतात, एवढ्या वेळी माफ करून टाक आणि कागद मागे घे. केदारही जरा नरमला. विषय तिथेच मिटला असता. पण मोईनभाईनं कप बाजूला सरकवला आणि काकूंकडे पाहून अगदी सावकाश बोलला, "माफी नक्को अम्मा. माफी गलती करे सो आदमी लेता. मैं करा इच नै."

काकूंना आयुष्यात कुणी इतकं शांतपणे बोललं नव्हतं. त्यांना त्याच्याकडे बघवेना. मग त्यांनी पदराखालची घडी काढली आणि टीपॉयवर, टीपॉयच्या कव्हरावर, ठेवली.

"आवाज याच्यामुळं बंद होतो," त्या म्हणाल्या. "ही लेस त्या काळ्या काचेवर येते. गाडी यांच्याकडं न्यायची म्हटलं की मी दर वेळी काढून ठेवत होते."

केदारनं घडी उलगडली, चौकटीतून पलीकडे पाहिलं, मग लेस पाहिली. माधवराव हलक्या आवाजात म्हणाले, चौऱ्याऐंशीवं पान. आणि वृषाली हसायला लागली ती थांबेचना, हसता हसता सोफ्यावर बसली, तिथून घसरून खाली बसली, डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा कव्हराकडे पाही आणि पुन्हा सुटे. केदार सुटला, माधवराव सुटले, आणि मोईनभाई, जो मघापासून लाकडासारखा ताठ बसला होता, तो खांदे हलवून असा हसला की शेजारचे डोकावले. काकू मध्यभागी उभ्या होत्या. त्यांना रडू येईल असं वाटत होतं, पण आलं ते हसूच. मेलं ते कव्हर, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना कधी नव्हे इतकं हलकं वाटलं.

तक्रार मागे घेण्याचं पत्र लिहायला अर्थातच माधवराव बसले. पत्र इंग्रजीत होतं. काकूंनी वृषालीला ते मराठीत सांगायला लावलं. तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला, असं लिहिलं होतं. आईचं नाव कशाला कागदावर, म्हणून केदारनंच तसं सुचवलं होतं.

"तांत्रिक म्हटलं की बोट यांच्याकडंच जाणार," काकू म्हणाल्या. "कव्हर लिहा. आणि कुणी शिवलं तेही लिहा."

माधवरावांनी चष्मा वर करून बायकोकडे पाहिलं. मग नवा कागद घेतला. दोष गाडीचा नाही, कारागिराचा नाही, माझ्या हातानं शिवलेल्या मखमली कव्हराचा आहे, कारागिरानं दर वेळी खरंच सांगितलं, असं त्यात आलं. खाली केदारच्या सहीशेजारी काकूंनी पूर्ण नाव लिहिलं, ठळक, गोल अक्षरात, जरा वेळ लावून.

शाई वाळेपर्यंत त्यांनी कपाटातून प्लास्टिकचं जाड पाकीट शोधून आणलं. स्कूटरवर जायचं, रस्त्याची धूळ, कागद खराब व्हायला नको. मोईनभाईनं पाकिटाकडे पाहिलं आणि ते हळूच परत त्यांच्या हातात दिलं.

"नक्को अम्मा. खुल्लाच लेको जातूं," तो म्हणाला. "सब लोगां देखना."

आणि कागद तसाच हातात धरून तो जिना उतरला.