दुसऱ्या रविवारची हरकत

तबिथा सनदी आणि शांतवन वायदंडे यांचं लग्न ठरल्याचं पाळकसाहेबांनी चर्चमध्ये पहिल्यांदा वाचून दाखवलं, तो १९९७ सालच्या मार्चमधला एक रविवार होता. रीत अशी, की लागोपाठ तीन रविवार नावं वाचायची आणि दर वेळी विचारायचं, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच सांगावं. मग पाळकसाहेब चष्म्यावरून जरा इकडंतिकडं बघायचे, लोक गालात हसायचे आणि पुढचं गीत सुरू व्हायचं. त्या रविवारीही तसंच झालं. फक्त बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलेल्या तबिथाच्या पाठीतून घामाची धार निघाली होती, आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, अंबूबाईनं, तिचं मनगट असं आवळून धरलं होतं की बांगडी कातडीत रुतली.

तबिथाला तेव्हा अठ्ठावीस पुरी झाली होती. चर्चच्या आवारातली बालवाडी ती चालवायची. आवाज बारीक, चाल सावकाश, आणि डावा हात कायम पदराखाली. त्या हाताची करंगळी थोडी आत वळलेली होती. कुणी विचारलं की ती सांगायची, लहानपणी दारात चेमटली.

खरी गोष्ट हुपरीत घडली होती. सनदींचं घर मूळचं तिथलं. गावात घरोघरी चांदीचे पैंजण होतात. पुरुष भट्टी सांभाळतात, बायका आणि पोरी ओसरीत बसून कड्या जोडतात. चौदा वर्षांची तबिथा अशीच एका दुपारी कड्या जोडत बसली होती, आणि घरात मांस करपल्याचा वास सुटला. अंबूबाई चुलीकडं धावली. चुलीवर काहीच नव्हतं. वळून बघितलं तर पोरीची करंगळी समोरच्या दिव्याच्या ज्योतीला टेकलेली, आणि पोरगी आपली मान खाली घालून कडी शोधतेय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिचे वडील, ज्ञानू सनदी, तिला कोल्हापूरला घेऊन आले. शहराबाहेर महारोग्यांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिसानं तिच्या हातावर, पाठीवर, गालावर हलकेच स्पर्श केला आणि डोळे मिटायला लावून 'कळलं का' विचारत राहिल्या. दोन ठिकाणी तिला कळलंच नाही. मग तिथंच राहून तीन वर्षं गोळ्या. अंग काळवंडलं, लघवी लाल व्हायची. गावात सांगितलं, पोरगी मलकापूरला आत्याकडं शिकायला गेली. तीन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी कार्डावर तांबडी रेघ मारली आणि म्हणाल्या, "संपलं. आता तू इतर कुणाहीसारखी." पण ज्ञानूंनी तिला परत हुपरीला नेलं नाही, कोल्हापुरातच बिऱ्हाड मांडलं. काही वर्षांनी ते वारले, आणि मायलेकी चर्चजवळ दोन खोल्यांत राहू लागल्या.

अंबूबाईनं लेकीला जी रोजची प्रार्थना शिकवली तिचा अर्थ एकच होता: देवा, कुणाला कळू देऊ नको. त्यामुळं तबिथाच्या मनात देव म्हणजे दारावर बसवलेला राखणदार होता. तो जागा आहे तोवर सगळं ठीक. एखाद्या दिवशी त्याचा डोळा लागला की संपलं. अशा देवाचं भय वाटतं, त्याच्या पायाशी बसून निवांत होता येत नाही. ती दर रविवारी गाणी म्हणायची, पण ओठांपुरतीच.

शांतवन उद्यमनगरात लेथवर काम करायचा. तेहेतीस वर्षांचा, धाकट्या दोन बहिणींची लग्नं करेपर्यंत स्वतःचं राहून गेलेलं. आदल्या वर्षी त्यानं बालवाडीसाठी लोखंडी झोका करून आणला आणि भार पेलतो का ते बघायला स्वतःच त्यात बसला. पोरं हसून लोळली. तबिथाही हसली. पुढच्या आठवड्यात तो झोक्याला वंगण घालायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तितकं वंगण कोल्हापुरातल्या कुठल्या झोक्याला मिळालं नसेल.

शेवटी एक दिवस त्यानं वंगणाचा डबा खाली ठेवला. "बाई, मला गोल गोल बोलायला येत न्हाय. तुमच्यासंगं लगीन करायचं हाय. तुमची ना असंल तर तसं सांगा, पुन्हा झोक्याला हात लावत न्हाय."

तबिथानं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी उभं राहून ती म्हणाली, "झोका अजून करकरतोय."

तिनं सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. रंकाळ्याच्या काठावर दोनदा तोंड उघडलं. एकदा तो आपल्या आईबद्दल बोलत होता, आणि एकदा तिचाच धीर सुटला. घरी अंबूबाईनं शपथ घातली होती. "सांगितलंस तर माझं त्वांड बगू नगंस. चौदा वर्सं झाकलंय म्या."

पहिल्या रविवारनंतर मंगळवारी शांतवनची आई, बयाबाई, साडी घेऊन घरी आली. बांगड्यांचं माप घ्यायला तिनं तबिथाचा डावा हात ओढला आणि करंगळी बघितली.

"ह्ये गं काय?"

"दारात चेमटली," अंबूबाई मधेच बोलली.

"आगं माझ्या बाई," बयाबाई म्हणाली, "लई दुखलं असंल." आणि ती वाकडी करंगळी तिनं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली, लहान पोराचं दुखलंखुपलं बोट धरावं तशी. त्या तळव्यांची ऊब तबिथाला कळत नव्हती. कळत नाही हे सांगताही येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या बोटाची नाही, स्वतःची किळस आली.

दुसरा रविवार ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा होता. पोरं झावळ्या हलवत चर्चमध्ये आली, गाणी झाली, आणि पाळकसाहेबांनी कागद काढला. नावं वाचली. विचारलं. चष्म्यावरून बघितलं.

"माझी हाय," तबिथा म्हणाली.

ती उभी राहिली होती. कधी उभी राहिली ते तिलाही कळलं नव्हतं. आईनं पदर ओढला, तो तिच्या हातात तसाच राहिला.

"मला चौदाव्या वर्षी महारोग झाला होता. तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंय. पण नवऱ्याकडच्यांना मी सांगितलं नाही. बोट दारात चेमटलं नव्हतं. भाजलं होतं, आणि मला कळलं नव्हतं. त्यांना आता माहीत झालंय. आता त्यांनी काय ते ठरवावं."

इतकं बोलून ती बसली. तिच्या बाकावरची एक बाई उठून मागं गेली. पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मान खाली घातली तेव्हा गाणाऱ्यांच्या रांगेतला शांतवन बाजूच्या दारानं बाहेर पडला. तबिथानं डोळे मिटले नव्हते, त्यामुळं ते तिला दिसलं.

सोमवारी धुळवड, बालवाडी बंद. मंगळवारी एकतीस पोरांपैकी नऊ आली. बुधवारी चार. पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले, चहा नको म्हणाले, मग घेतला. "बाळ, तू बरी आहेस हे मला पटतंय," ते म्हणाले, "पण लोकांच्या हातात कागद द्यावा लागतो. दवाखान्यातून दाखला आण. मग मी बोलतो." शांतवनकडून निरोप नव्हता. अंबूबाई लेकीशी एक शब्द बोलत नव्हती. तिनं ट्रंक काढून कपडे भरायला घेतले होते. "मलकापूरला जाऊया," एवढंच ती भिंतीला म्हणाली.

त्या वर्षी गुड फ्रायडे आणि रंगपंचमी एकाच दिवशी आली. दुपारच्या उपासनेआधी परत येऊ म्हणून तबिथा पांढरी साडी नेसून सकाळीच निघाली. रस्त्यात बॅरलनं रंग उडत होता, ट्रॅक्टरवर स्पीकर लावलेले. कितीही अंग चोरलं तरी एका वळणावर पाठीवर जांभळा रंग बसलाच. पुढं गर्दी सरली. माळावरचे पळस लालभडक पेटले होते, एका आंब्याला इतका मोहोर आला होता की पान दिसत नव्हतं. तिला त्यातलं काही बघावंसं वाटलं नाही. कार्ड सापडेल का, डॉक्टरीणबाई अजून असतील का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर शांतवन बसला होता. केसांत हिरवा रंग, हातात टोपी.

"तू हितं?" तो म्हणाला.

"दाखला न्यायला. तुम्ही?"

"इचारायला आलतो."

"काय?"

"समदं."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. आत कुणीतरी भांडी घासत होतं. तो जमिनीकडं बघत बोलला. "वरीसभर त्या झोक्यापाशी बोललो आपण. एकदा सांगितलं न्हाईस. आणि सांगितलंस त्ये समद्या मंडळीम्होरं. माझी आई तितं झावळी धरून हुबी. मी काय पळून जाणार व्हतो?"

"मला तसंच वाटलं," ती म्हणाली.

"म्हंजी माझ्यावर इस्वास न्हवता."

"तुमच्यावर न्हाय. कुणावरच न्हवता. देवावर बी न्हवता. तो फक्त माझं गुपित राखतोय असं वाटायचं. बयाबाईंनी बोट हातात धरलं तवा कळलं, गुपित माझ्यापाशी राहील, पण बाकी काहीच राहणार न्हाय." तिनं श्वास घेतला. "तुम्हाला आधी एकट्याला सांगायला पायजे होतं. ते माझं चुकलं. एकट्यासमोर धीर झाला असता तर तिथं उभीच राहिले नसते."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. केस पिकलेले, पण तीच चाल. त्यांनी तबिथाचं नाव विचारलं, जुन्या कपाटातून कार्ड शोधून काढलं, तांबडी रेघ दाखवली. हात पुन्हा तपासला. दाखला लिहायला घेतला. मग चष्मा वर करून शांतवनकडं बघितलं. "तुम्ही कोण?"

शांतवननं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "बाई," तो म्हणाला, "ह्ये आमच्या पोरास्नी हुईल का?"

तबिथानं 'आमच्या' ऐकलं. डॉक्टरीणबाई पुढं काय म्हणाल्या, की औषध पुरं झालंय, तिच्यापासून कुणाला काही होत नाही, पोटच्या पोरांना वारशानं येत नाही, गरम भांडं धरताना तेवढं जपायचं, हे सगळं तिला लांबून कुणी बोलावं तसं ऐकू येत राहिलं.

बाहेर आल्यावर मात्र शांतवननं तिला खोटी आशा लावली नाही. "आई ऐकंना झालीया. म्हनती, ती घरात आली तर मी भाचीकडं जातो ऱ्हायला. उद्या परवा काय हुईल ठावं न्हाय. आई हुबी ऱ्हायली आणि हरकत घेतली तर पाळकसाहेबांस्नी थांबावंच लागंल."

ईस्टरच्या पहाटे मंडळी रीतीप्रमाणं कबरस्तानात जमली. तबिथा आईबरोबर मागं उभी होती. तिच्या भोवती हातभर जागा मोकळी राहिली होती. पाळकसाहेब त्या बायकांबद्दल बोलत होते ज्या पहाटे प्रभूच्या कबरीकडं निघाल्या, आणि धोंड कोण बाजूला करणार हे एकीलाही माहीत नव्हतं. ही गोष्ट तबिथानं शंभर वेळा ऐकली असेल. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच जाणवलं, की त्या उत्तर माहीत नसतानाच निघाल्या होत्या. घाबरलेल्याच होत्या, आणि तरी निघाल्या. उजाडत होतं. कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी डोक्यावर हलत होती. आणि देव राखण करतोय का, हे तपासून न बघता ती गाऊ लागली. शेजारच्या बाईनं वळून बघितलं, इतकं मोठ्यानं.

मग सगळे चर्चमध्ये आले. तिसऱ्यांदा नावं वाचली गेली. "कुणाची हरकत असेल तर..." पाळकसाहेबांनी या खेपेला चष्मा काढून हातात घेतला.

पुढच्या बाकावरून बयाबाई उठली.

शांतवननं डोळे मिटले. तबिथानं मिटले नाहीत. बयाबाईनं पदर खांद्यावर घेतला, पाळकसाहेबांकडं बघितलं, मग तबिथाकडं. तिचे ओठ हलले. आणि एक शब्द न बोलता ती मधल्या वाटेनं चालत बाहेर निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरेपर्यंत ऐकू येत होता.

पाळकसाहेबांनी चष्मा घातला. "हरकत नाही," ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तेवीस माणसं होती. बयाबाई आली नाही. ती भाचीकडं राहायला गेली. लोकांनी तबिथाला त्याबद्दल बरंच ऐकवलं. ती एवढंच म्हणायची, "हरकत घ्यायला उभ्या राहिल्या होत्या, पण घेतली न्हाय." बालवाडीतली पोरं जूनमध्ये हळूहळू परत आली, सगळी नाही, पण एकोणीस आली. पुढं तबिथा डॉक्टरीणबाईंबरोबर गावोगाव जाऊ लागली आणि जमलेल्या बायकांना आपली गोष्ट सांगू लागली. अंबूबाई दोन वर्षं तिच्यावर धुसफुसत राहिली, आणि मग एकदा स्वतःच तिच्याबरोबर गावात जाऊन मागच्या रांगेत बसली.

पुढच्या वर्षी मेमध्ये तबिथाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी दुपारी बयाबाई एक पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली. कुणाला सलाम नाही, काही नाही. आत आली, पाळण्यात वाकून बघितलं, आणि भिंतीला टेकून बसली.

"चा टाक," ती म्हणाली.

तबिथानं चहा टाकला. कप हातात दिला. शांतवन दारातच थांबला होता. बयाबाईनं एक घोट घेतला, आणखी एक घेतला.

"साकर कमी हाय," ती म्हणाली आणि कप पुढं केला.