आधी एडका बघायचा

सुनेची पहिली दोन्ही लेकरं पोटातच मेली. तिसऱ्या खेपेला गावच्या आशाताईने तिला जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. गरमी निघाली, दवाखान्यात तिला सिफिलिस म्हणतात. आमच्याकडे या रोगाचं नाव शिवी देतानाच घेतात. सून घरात गेलीच नाही, थेट मेंढवाड्यात माझ्यापाशी येऊन बसली.

“आत्याबाई, इंजेक्शनानं बरं व्हतं म्हनले. आज एक दिलं. लेकरूबी वाचंल. पन ह्यांचंबी रक्त तपासायचंय. ह्यांचं ऱ्हायलं तर मला परत लागंल.”

“सांगितलंस त्याला?”

“तुमीच सांगा. मला माहेरी हाकलतील.”

हाकललंच असतं. माझा पोरगा मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याला सांगितलं. त्याने कपबशी खाली ठेवली.

“मला काय झालंय? हिचंच असंल. अन परभणीचा लॅबवाला असल्या तपासणीला लय पैसे उपटतो.”

“जिंतूरला फुकट हाय. नवऱ्याचंबी.”

“मी न्हाई यायचा.”

“मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली, तवा मेंढ्या इकल्यास का? आधी एडका बघितलास.”

“म्हंजी मी एडका का?”

“एडका बरा. दोरी धरली की गुमान चालतो.”

चुलीपाशी सुनेचा हात पिठातच थांबला. पोराने उरलेला चहा अंगणात फेकला. मग म्हणाला, “चला. पन माझं साफ निघालं तर तिथूनच हिला माहेरच्या गाडीत बसवनार. मंग माय, तू मधी पडायचं न्हाई.”

मी हो म्हणाले. तो आलाच नसता तर सुनेचं इंजेक्शन वाया गेलं असतं आणि हेही लेकरू हातचं गेलं असतं.

तिच्या पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी आम्ही तिघं एसटीने निघालो. सुनेने पिशवीत दोन साड्या कोंबल्या होत्या. मी पाहिलं.

जिंतूरच्या दवाखान्यातल्या लॅबवाल्याने पोराचं बोट टोचलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. तेवढ्यात आमच्या गावचा एक जण समोर उभा राहिला. “कोन बिमार हाय?” पोराने टोचलेलं बोट मुठीत लपवलं.

“मी,” म्हटलं. “साखर वाढलीय. आन ती तुझ्या घरची न्हाई.”

तो हसत गेला. सून पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. मग सिस्टरने आम्हाला आत बोलावलं.

“तुमच्याही रक्तात निघालंय, दादा.”

पोरगा उभाच राहिला. “मंग पयलं कुनाला झालं ते सांगा. हिला का मला?”

“ते रक्तात दिसत नाही. इंजेक्शन दोघांनाही घ्यायचंय.”

त्याने पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, “तू कुठं कुठं गेलास ते तुला ठावं. सिस्टरला काय इचारतो?”

तो खाली मान घालून पडद्यामागे गेला.

हे इंजेक्शन कमरेत देतात आणि फार ठणकतं. परतीची एसटी निम्मी रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, “बसा की, जागा हाय.”

“उभंच बरं,” दोघं एकदमच बोलले.

पोराने तिच्या हातातली साड्यांची पिशवी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. गावापर्यंत दोघं एकाच दांड्याला धरून उभे होते.