लाल पेनाचं टोपण

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असे अनुभव सांगणाऱ्यांची स्टाफरूममध्ये मनसोक्त टिंगल केलेली आहे. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही.

सोलापूर, मागच्या मे महिन्यातली दुपार, साडेतीनची वेळ. पेपर तपासणी केंद्राचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. दिवसाला साठ पेपर, वर प्राचार्यांचे फाइलींसाठी फोन. तीन आठवडे धड झोप नव्हती, छातीत धडधडायचं... घरी सांगितलं नव्हतं.

शेजारची खुर्ची रिकामी होती. आदल्या वर्षी तिथं बिराजदार सर बसायचे. दुधनीचे, रिटायरमेंटला आलेले. कुणी मान मोडून तपासत बसलं की ते गपचूप त्याच्या लाल पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "साकु. चहा घेऊन येऊ, चल की." साकु म्हणजे कन्नडमध्ये बास. त्या वर्षी मलाही असंच उठवायला आले. मी वैतागून म्हणालो, "दहाच राहिलेत सर, तुम्ही व्हा पुढं." ते एकटेच गेले आणि जिन्यात कोसळले. हार्ट अटॅक. कुणाला कळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली होती, सर वाचले नाहीत. माझं ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या दुपारी एका पेपरची बेरीज तेहतीस आली. पासिंगला सात कमी. पुढची पानं कोरी, म्हणजे पेपर संपला. पहिल्या पानावर आकडा लिहायला गेलो — पेनाला टोपण. काढलं. बेरीज पुन्हा बघितली, लिहायला गेलो — परत टोपण. मग ते शर्टाच्या खिशात टाकलं, पेन टेबलावर ठेवून तिसऱ्यांदा बेरीज केली. पेन उचललं... टोपण लावलेलं. खिसा रिकामा.

समोरच्या शेख मॅडम म्हणाल्या, "सर, किती घाम आलाय तुम्हाला. पाणी देऊ का?"

"इथं कोण आलं होतं?"

"कोणच नाही की. मी हितंच बसलीय."

मी उठलो. कँटीनमागं उभं राहून चहा घेतला आणि सरांसाठी वर्षभरात पहिल्यांदा रडलो. परत येऊन तोच पेपर शेवटच्या पानापर्यंत उलटला. चार कोऱ्या पानांनंतर एक अख्खं उत्तर होतं. त्याला नऊ मार्क बसले. कुणाचं तरी वर्ष माझ्या हातून जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. बीपी किती निघालं ते लिहीत नाही, बायको हे वाचते.

थकव्यात मीच टोपण लावलं असेल, असं स्वतःला बजावून झालं. खिशाचं मात्र कोडं सुटत नाही. आता साडेतीनला मी उठतो आणि शेजारच्याच्या पेनाला टोपण लावतो. लोक वैतागतात, "तुम्ही व्हा पुढं" म्हणतात.

मी थांबतो.