चार डबे आणि एक बरणी

बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. बसलो की उठावं वाटतं, उठलो की कुठं जावं ते कळत नाही. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातलं आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात आवरण्यासारखं असून असून काय असणार? तरी वर्षभर मी आवरतच होतो. भांडी उतरवायची, पुसायची, परत लावायची.

अशाच एका दुपारी न्हाणीतल्या फळीवरचे तिचे डबे खाली घेतले. चहाचा चौकोनी डबा, बिस्किटाचा गोल डबा, औषधाची रुंद तोंडाची बाटली आणि झाकणाला गंज चढलेला एक डबा. चारीत पिवळसर पीठ. हुंगून बघितलं, सगळ्यांना हळदीचाच वास. अंगाला लावायचं पीठ, ते चार ठिकाणी कशाला? मी सगळं एका काचेच्या बरणीत ओतलं आणि डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. फळी मोकळी झाली. घटकाभर बरं वाटलं, मग परत तेच.

त्याच साली लेक पोटुशी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी रीत. पण माहेरात बाईच राहिली नव्हती. दोन्ही पोरं पुण्याला, सुना तिकडंच कामाला. लेकीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, फोनवर म्हणाल्या, "पाव्हणं, राग मानू नका, पण बाईमाणूस न्हाई त्या घरात बाळंतीण ठेवायची कशी?"

"मी हाय की."

"तुमी डिंकाचं लाडू वळणार?"

"वळीन."

"आन् बाळाला न्हाऊ कोण घालणार?"

"बाई लावीन. सव्वा महिना ठिवून घेतो आन् मग पोचवतो. माझा शबुद हाय."

त्या हसल्या. ते हसणं मला लागलं. लेक हट्टाला पेटली म्हणून ती आली, नाहीतर त्यांनी पाठवली नसती. सव्वा महिना मला निभवायचाच होता. मधेच मोडला असता तर आईमागं पोरीला माहेर उरलं नाही, असं सगळ्यांनीच धरलं असतं. तिनंसुद्धा.

नात झाली. काळीसावळी, केसाळ, आवाजाला खणखणीत. लाडू मी वळले, जरा कडक झाले, पण खाल्ले पोरीनं. न्हाऊ घालायला गल्लीतलीच एक म्हातारी येत होती. नाळ पडली तसं मी तिला म्हणालो, "आता पीठ लावा. अंगावरची लव जाईल." आमच्याकडं पिठात साय कालवून त्याचा गोळा बाळाच्या अंगावर फिरवतात. माझ्या दोन्ही पोरांना फिरवलेला मी बघितला होता. बघितला होता म्हणजे रानात जाता जाता दारातनं.

मी बरणी आणून दिली. म्हातारीनं चिमूट घेऊन नाकाला लावली.

"आबा, ह्याला आंबट वास मारतोय. वैनीचं पीठ असलं नव्हतं."

"तिच्याच हातचं हाय ते. लावा."

"वैनी आदी आपल्या मनगटाला लावून बघायच्या. दोन दिस."

"दोन दिस कशाला? पीठ हाय का इख? तुमाला चोळायला बोलावलंय, चौकश्या करायला न्हाई."

ती चोळायला लागली. पोर रडली. न्हाताना पोरं रडतातच, असं मी म्हणालो. मीच म्हणालो.

तीन दिवस चोळलं. चौथ्या दिवशी बाळाचं पोट आणि मांड्या लालभडक झाल्या. गुडघ्यामागं, कोपरात कातडी फुटून बारीक पापुद्रे सुटायला लागले. पोर दूध सोडून रडायची. लेक तिला खांद्यावर घेऊन या खोलीतनं त्या खोलीत फिरत होती, आणि मी तिच्या मागं फिरत होतो.

"अण्णा, कुठल्या डब्यातलं पीठ दिलं तुमी?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हंजी?"

मी फळीकडं बोट केलं. तिथं एकटी बरणी. तिनं बघितलं आणि खाली बसली.

"अण्णा, एक डबा आईच्या तोंडाचा होता. तेलकट तोंड होतं तिचं. त्यात मुलतानी माती, लिंबाची वाळलेली साल, कडुलिंब. एक दादाचा, फोडं यायची त्याला. एक दिवाळीच्या उटण्याचा. लहान लेकरांचा फकस्त एक, त्यात मसूर न् इतकीशी हळद. आन् मला तर आईनं पीठ लावलंच न्हाई कदी. अंग फुटायचं म्हणून नुसतं करडीचं तेल. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठावं नव्हतं. आम्ही एका घरात राहत होतो, एका ताटात जेवत नव्हतो एवढंच. रानाचं मला कळतं. काळ्या रानाला जे मानवतं ते मुरमाडाला मानवत नाही, हे मला कुणी सांगायला लागत नाही. घरातल्या माणसांची कातडी मात्र मी कधी डोळे उघडून बघितली नाही.

"मी जाते सासरी," लेक म्हणाली. "उद्या फोन करते त्यास्नी."

मी बरणी उतरवून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं आम्ही लोहाऱ्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्याच वयाची होती. बाळ बघितलं, मग बरणी मागितली. मी पिशवीतनं काढून दिली, चोराला मुद्देमाल काढायला लावतात तसं वाटलं. तिनं पीठ हुंगलं, बोटावर घेऊन चोळलं.

"बाबा, हे वाईट नाही. पण हे तेल ओढून घेणारं आहे. ज्याच्या कातडीला तेल जास्त, त्याला ठीक. हिची कातडी कोरडी. हिच्याकडं होतं नव्हतं तेही यानं ओढलं. वर लिंबाची साल, तान्ह्याला ती झोंबणारच. आणि चोळून चोळून जखमा केल्यात."

"घरचंच हाय सगळं. दुकानातलं काय न्हाई."

"घरचं म्हणून सगळ्यांना मानवतं असं कुणी सांगितलं? मिरचीपण घरचीच असते."

लेक एवढ्यातही हसली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

डॉक्टरीणबाईनं समजावलं ते मी ध्यानात धरून ठेवलं. पीठ, वासाची पावडर, वासाचा साबण बंद. कोमट पाणी, थोडा वेळ. रगडायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम लावायचं, म्हणजे पाणी आत राहतं. लाल जागेवर वेगळी ट्यूब, तीही पाचच दिवस. आराम पडला म्हणून पुढं रेटायची नाही. आणि काही नवं आणलं तर एका वेळी एकच, आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघायचं. चार गोष्टी एकदम लावल्या तर कशानं बिघडलं ते देवालाही कळायचं नाही.

मग तिनं एकदम माझा हात धरला आणि उलटा केला. वर्षभरात माझे हात भेगाळले होते, नडग्या खाजवून खाजवून काळ्या पडल्या होत्या. वय झालं, असं मी धरून चाललो होतो.

"बाबा, तुमचीच कातडी आलीय नातीला. हे कधीपासून?"

"वरीस झालं."

"आई गेल्यापासून," लेक म्हणाली. माझ्याकडं न बघताच बोलत होती. "आई कपड्याच्या साबणाला हात लावू देत नव्हती ह्यास्नी. ह्यांची वडी येगळी. आंघोळ झाली की पाठ पुसायच्या आत तेल घेऊन हुबी. हे चिडायचे, सदरा चिकट हुतोय म्हणून."

व्हय, चिडायचो. चाळीस वर्षं चिडलो. मला वाटायचं बाईला दुसरा उद्योग नाही. ती गेली आणि न्हाणीत जो साबण हाताला लागेल तो मी लावत होतो. माझ्या अंगाचं कुणीतरी रोज काहीतरी करत होतं आणि ते थांबलं, हे मला परक्या बाईच्या टेबलासमोर कळलं. मी उठून बाहेर आलो. पोर्चमधे उगाच चार चकरा मारल्या. आत परत गेलो तेव्हा लेकीनं औषधं पिशवीत भरली होती.

घरी आल्यावर बाळाच्या न्हाण्याला मी स्वतः बसायला लागलो. म्हातारीच्या हातापाया पडलो, ती म्हणाली, "आबा, आता चौकश्या करू का?" मी म्हणालो, करा, रोज करा. ती न्हाऊ घालायची, मी मलम घेऊन बसायचो. मांडीची घडी, मानेची घडी, कानामागं. पाच दिवसांत लाली उतरली. पण लेकीनं फोन केलेलाच होता. सहाव्या दिवशी विहीणबाई जीप घेऊन आल्या.

बाळाला उघडं करून त्यांनी उजेडात धरलं. पापुद्रे अजून पुरते गेले नव्हते.

"हे कशानं?"

"माझ्यानं," मी म्हणालो. "लेकीच्या आईचं चार डब्यांतलं पीठ मी एकत्र केलं आन् नातीला चोळायला लावलं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "म्या तवाच म्हणलं होतं. चल गं, भर पिशवी. घरी गेल्यावर चांगलं बेसन-साय लावून आठ दिसांत लोण्यावाणी करते पोरीला."

लेक पिशवी भरत होती. मी दारात आडवा उभा राहिलो.

"विहीणबाई, न्यायची तर न्या. तुमचा हक्क हाय. पण ह्या अंगाला पीठ लावायचं न्हाई. बेसन न्हाई, साय न्हाई, हळद न्हाई."

"आता गडीमाणूस मला शिकवणार? तीन लेकरं वाढीवली म्या."

"शिकवणार. मी नासवून शिकलोय, तुमाला तरी नासवायला नगो."

"आन् लावलं तर?"

लेकीनं भरलेली पिशवी उलटी केली. लंगोट, टोपरी, मलमाची डबी सगळं बाजेवर.

"आत्याबाई, मी सव्वा महिना झाल्यावर येते."

"अगं, ह्यानीच तर पोरीची ही गत केली!"

"व्हय. म्हणूनच ते परत करायचं न्हाईत."

विहीणबाई बराच वेळ बोलल्या. चहा दोनदा झाला. न्हाऊ घालणारी म्हातारी आली तेव्हा त्या जीप थांबवून न्हाणं बघायला बसल्या. चूक धरायलाच बसल्या होत्या. मी ओलसर अंगावर मलम लावत होतो तेव्हा पुढं वाकल्या आणि बाळाच्या मांडीवरनं हलकं बोट फिरवलं. मग पदर सावरत, माझ्याकडं न बघता, आपलं पाऊल जरासं पुढं केलं. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा.

"ह्याला चालंल का वो हे?"

"तुमची कातडी कशी हाय ते आदी बघावं लागंल," मी म्हणालो.

"बघा मग," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जीपवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला.