भाजीचे प्रश्न

नवरा-बायकोत कोण कोणाला मारतं, हे घरोघरी विचारत फिरायचं काम मी दोन हजार सालानंतर काही वर्षं केलं. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले होते. त्याआधी, नव्वदीच्या अखेरीस, मी स्वतः नवऱ्याचं घर सोडलं होतं आणि आळेफाट्याला एका किराणा दुकानाच्या वर खोली घेऊन राहत होते. म्हणजे या विषयातला माझा अनुभव दांडगा होता, असं म्हणायला हरकत नाही. ही पाहणी चालवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी मला कामावर घेतलं ते मात्र मी पदवीधर होते आणि मला इकडची बोली येत होती म्हणून.

फाट्यावर दिवसभर एसट्या येतात-जातात, पण एकट्या राहणाऱ्या बाईकडे कुणी येत नाही. घरमालकीण चांगली होती, फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेमकी मला विसरायची. संध्याकाळी खोलीत शिरलं की दिवसभर बायांशी बोललेलं तोंड एकदम बंद व्हायचं. मला ते सहन व्हायचं नाही. मग मी रेडिओ मोठा करून जेवायची.

कामाची एक पद्धत होती. बाईशी बोलायचं ते ती एकटी असतानाच. मध्येच सासू, दीर, नवरा कुणी आलं, तर प्रश्न तिथल्या तिथे बदलायचे: काल भाजी कोणती केली, डेअरीला दूध किती घालता, घरात शेवटी कोण जेवतं. याला आम्ही आपसात 'भाजीचे प्रश्न' म्हणायचो. बाईला सुरुवातीलाच सांगून ठेवायचो, कुणी आलं की भाजीवर यायचं. शिकवावं मात्र कुणालाच लागलं नाही. दारात चप्पल वाजली की माझ्या आधी त्याच वांग्या-बटाट्यावर यायच्या.

माझ्या जोडीला एक सहकारी होता. तो त्याच घरांतल्या पुरुषांना तेच प्रश्न विचारायचा. त्याला भाजीचे प्रश्न कधी लागलेच नाहीत. बायको चहा घेऊन आली तरी नवरा सांगतच राहायचा, वर तिलाच साक्षीला घ्यायचा. कागदावर मात्र त्यानेही मारलं, तिनेही मारलं, असं बऱ्याच घरांत सारखंच यायचं. मी पुण्याच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगलं निरीक्षण आहे, लिहून ठेव." मला रागच आला. रोज डोळ्यांसमोर घडत होतं, त्यात निरीक्षण कसलं करायचं!

बेल्ह्याच्या पुढे एका वस्तीवर असंच एक घर होतं. पूर्वी मेंढरं असलेलं, आता कांदा करणारं. घरात नवरा, त्याची बायको आणि त्याची आई. नवरा ओट्यावर माझ्या सहकाऱ्याला हसत सांगत होता, "आमची बी काय कमी न्हाई, राव. लाटणं घातलंय तिनं मला." आत चुलीपाशी ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "व्हय, मारलं. त्यानं गळा धरला व्हता." दोघांच्याही कागदांवर सारखीच खूण पडली.

मी उठताना तिनं विचारलं, "ताई, तुमचं मालक काय करत्यात?"

स्वतःबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. पण मला तसं कुणी विचारतच नसे, त्यामुळे मी बोलून गेले, "सोडलं मी त्यांना. एकटी राहते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. काहीतरी विचारणार, तेवढ्यात सासू शेरडं बांधून आत आली.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा बेल्ह्याचा बाजार होता, नवरा तिकडे गेला होता. पण सासू जागची हलेना. भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली. नाइलाजानं मी भाजीचे प्रश्न काढले. थोडी उत्तरं देऊन सून म्हणाली, "आन् तुमी, ताई? तुमी काय रांधलं काल?"

"खिचडी."

"रोज खिचडीच?"

"बहुतेक. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो."

"जेवताना कुनीच नसतं?"

ती काय विचारते आहे ते मला कळत होतं. जावं की राहावं, हे तिला ठरवायचं होतं आणि विचारायला माझ्याशिवाय तिला कुणी नव्हतं. खोटं सांगवेना. मी म्हणाले, "कुणीच नसतं. फाट्यावर किराणा दुकानाच्या वर राहते मी, खाली एवढी वर्दळ, पण वर कुणी येत नाही. दिवाळीत माहेरीही बोलवत नाहीत. ताटावर बसून रडलेय मी."

"मंग! ऐकलं का?" सासू सुपातून मान वर न करता म्हणाली.

सुनेनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "पन घास तोंडात असताना कुनी ताट उडवत न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "ते नाही."

ती चुलीकडे वळली. सासू तांदूळ निवडत राहिली.

त्या आठवड्यात मी दुसरं ताट विकत घेतलं. ती येईल असं मला उगाचच वाटत होतं. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की मी रेडिओ बारीक करायची. घरमालकाचा मुलगा गच्चीवर जात असायचा.

त्या भागातलं काम संपलं होतं, तरी न राहवून मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. सासू एकटीच होती.

"ती गेली," म्हणाली. "चाकणला, भनीकडं. कंपनीत लागली."

मला बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं. तिला बहीण आहे हे मला माहीतच नव्हतं. मी घरात ताट मांडून बसले होते.

सासूनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाकऱ्या मीच बांधून दिल्या तिला. ठेचा बी दिला. त्याला ठावं न्हाई."

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. तिनं पदर कपाळावर ओढला, माझ्यापासून जरा लांब सरकून बसली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काल व्हय? काल वांगं केलं व्हतं."

मी पिशवीतून कागद काढला आणि वांगं लिहून घेतलं.