तीन वाजता सुटणारा माणूस

हिवाळ्यातल्या दुपारी ऊन जरा कलले, भिंतीवरून उतरून अंगणात तिरपे लोळू लागले, की माझ्या नाकाला तापलेल्या लोखंडाचा वास येतो. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरात लोखंड कुठले तापायला? समोर असते ते दोरीवरचे धुणे, शेजाऱ्यांचे पेंगणारे मांजर आणि दुपारची ती निर्मनुष्य शांतता. तरी वास येतो तो येतोच! लेथवर गरगरणाऱ्या सळईतून सुटणारा निळसर कीस, त्यावर पडणारी दुधाळ पाण्याची धार, त्यातून उठणारी उग्र वाफ; आणि त्या वासाच्या पाठोपाठ, वाटेत कुठेही न रेंगाळता, लाज. मी एकटाच बसलेला असतो, बघायला कोणी नसते, तरी मान आपोआप खाली जाते. घड्याळाकडे पाहावे, तर तीन वाजत आलेले असतात.

तुम्ही म्हणाल, काहीतरी काळेबेरे केले असणार या गृहस्थाने! अहो, केले असते तर किती बरे झाले असते! चोरी केली असती तर परत करता आली असती, खोटे बोललो असतो तर कधीतरी धीर करून खरे सांगितले असते. अपराधाच्या लाजेला निदान बाहेर पडायचे दार असते. पण कोणी आपल्यावर आपल्या लायकीहून अधिक माया केली, तर त्याबद्दल क्षमा कोणाकडे मागायची? आणि मागितली, तर ती माणसे हसून म्हणणार, याचे डोके फिरले वाटते! अशी लाज मग माणसाच्या घरातच राहायला येते आणि त्याच्याबरोबर म्हातारी होते.

सत्तरचे दशक उताराला लागले होते. अंबडच्या उजाड माळावर नवे नवे कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांना फुटबॉलचे विलक्षण वेड होते. कारखान्यांचे, रेल्वेचे, लष्करी छावणीचे असे संघ मिळून तेव्हा एक साखळी स्पर्धा चाले. दिवाळीनंतर सुरू व्हायची, ती होळीपर्यंत रंगायची. खेळाडू सगळे नोकरदार. म्हणजे पगार यंत्रावरच्या कामाचा आणि निवड पायांच्या करामतीवर! माझी निवड मात्र हातांवर झाली, कारण मी गोलकीपर. कॉलेजात असताना एका सामन्यात माझ्या अंगात काय संचारले होते देव जाणे, येईल तो चेंडू मी अडवला होता, आणि नेमका तोच सामना साहेबांनी पाहिला. लेथ हे यंत्र दिसते कसे याचाही पत्ता नसलेल्या पंचवटीतल्या भाजीवाल्याच्या मुलाला लेथवर नोकरी लागली! आईने देवळात नारळ फोडला. वडिलांनी त्या आठवड्यात मेथीच्या प्रत्येक जुडीबरोबर गिऱ्हाइकाला ही बातमी फुकट दिली.

नियम असा होता, की खेळाडूने तीन वाजता यंत्र बंद करून सरावाला जायचे. साहेबांनी सुट्टी खेळाडूला दिली होती, कामाला नव्हे! खात्यातून दिवसाकाठी जेवढे नग बाहेर पडायचे ठरलेले, तेवढे पडलेच पाहिजेत. मग माझे अर्धेमुर्धे राहिलेले काम कोणी उचलायचे? माझ्या शेजारच्या यंत्रावर दामूअण्णा होते. दिंडोरीकडचे, पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटक, खात्यात वयाने सर्वांत वडील. त्यांनी पहिल्याच दिवशी या प्रश्नाचा निकाल लावून टाकला. "तू जा रं पोरा! तुझं आम्ही वाटून घेऊ. चार नग ह्याच्याकडं, चार त्याच्याकडं. पाव्हणा जेवला म्हणून काय घर बुडतंय व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा ते हसू किती महाग पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

त्या दिवसापासून रोज तीनला अण्णांची हाक यायची, "तीन वाजलं रं!" माझे डोळे तर पावणेतीनपासूनच घड्याळाला चिकटलेले असत, पण ऐकूच न आल्यासारखे करून मी आणखी एखादा नग उरकायला बघे. मग अण्णा उठून स्वतःच्या हाताने माझे यंत्र बंद करीत. मी साबणाने हात धुऊन, कपडे बदलून, पिशवी खांद्याला लावून खात्याच्या मधल्या वाटेने दाराकडे निघे. दोन्ही बाजूंना काळ्या हातांची ती माणसे वाकून उभी असत, आणि त्यांच्या यंत्रांशेजारी माझ्या वाटणीचे लोखंड वाटून ठेवलेले असे. ती वाट काही लांब नव्हती. पण सासरी पहिल्यांदा निघालेली मुलगीसुद्धा इतकी खाली मान घालून चालत नसेल, जितकी मी घाली.

निदान मैदान तरी गाजवत असेन, असे तुम्हाला वाटले असेल. छे हो! मी राखीव गोलकीपर. पहिला मान शरणपूरच्या थॉमसचा, आणि तो रास्तच होता. थॉमस असा झेपावे, की चेंडूला आपण होऊन त्याच्या कुशीत शिरावेसे वाटे. त्यामुळे रोजचा सराव मला, आणि रविवारचा सामना त्याला. दर रविवारी मी गळ्यात टॉवेल घालून बाकावर बसे, शेंगा खाई आणि आमचा संघ हरताना पाही. सोमवारी खात्यात पाय ठेवला की प्रश्न ठरलेला, "काय झालं?" "हरलो." "आन् तू?" "बसलो होतो." मी हे पहिल्या सोमवारपासून स्वच्छ सांगत आलो, कारण मला मनातून वाटे, की आता तरी कोणीतरी चिडेल. आम्ही इथे कंबर मोडून घेतो आणि तू तिथे शेंगा फोडतोस होय रे, असे कोणीतरी ताडकन विचारेल, आणि मी सुटेन!

पण चिडणार कोण? वाघचौरे म्हणून आमच्याकडे एक महावात्रट गडी होता, सगळ्यांच्या टोप्या उडवणारा. तोदेखील माझी बाजू घेऊन उभा राही. "अरे, राखीव म्हणजे काय साधं काम वाटलं का? राखीव पोलीस काय रोज बाहेर पडतात? दंगल झाली की मगच गाडी निघते त्यांची! आपला गडी तसा आहे." सगळे खाते खदखदून हसे. आणि अण्णा गंभीरपणे म्हणत, "उतरंल एक दिवस. आपून समदे जाऊ बगायला." माणसाला शिव्या परतवता येतात, टोमणे पचवता येतात. पण आपल्यावरचा विश्वास कसा परतवावा, हे कोणी शिकवलेलेच नसते.

हे ओझे हलके करण्याचे मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. एकदा भल्या सकाळी, पंचवटीतून अंधारातच सायकल हाणत मी सर्वांच्या आधी पोहोचलो आणि माझ्या वाटणीचे काम उरकायला घेतले. घाईघाईत तापलेल्या किसाने बोट भाजले. झाले! अण्णा आले, त्यांनी बोट पाहिले, आणि एरवी आवाज न चढवणारा तो माणूस माझ्यावर असा कडाडला, की पलीकडच्या खात्यातले लोक धावून आले. "हात हायेत ते! गोलीचे हात हायेत! तुला त्याची किंमत नसंल, आमाला हाय!" मग मला जड काम देणे बंद झाले, धारदार काम देणे बंद झाले, माझ्या हातांना खात्याने जणू देव्हाऱ्यातच बसवले. त्यांचे हात कापलेले, भाजलेले, नखे काळीनिळी झालेली, आणि माझे हात म्हणे किमती! ते हात कुठे लपवावेत, हे मला समजेना.

हंगाम सरत आला तेव्हा आम्ही तळाशी होतो. शेवटचा सामना रेल्वेच्या संघाशी. हरलो तर पुढच्या वर्षी स्पर्धेतून नाव गेलेच. बरोबरी झाली तरी टिकलो. आणि त्या आठवड्यात गुरुवारी, सरावात, थॉमसच्या बोटाचा सांधा निखळला! शुक्रवारी सकाळी मी खात्यात एवढेच म्हणालो, "रविवारी मी उतरतोय." मग वाघचौरेने पाना लोखंडावर बडवायला सुरुवात केली. अण्णांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. आणि मी मनात म्हटले, देवा, फार नको. या माणसांसमोर एकदाच, एकच दिवस, मला त्यांच्या घामाच्या लायकीचा होऊ दे!

रविवारी ते आले. घरच्यांना घेऊन आले. अण्णांनी स्वच्छ धोतर नेसले होते, सोबत नऊवारीतल्या काकू होत्या, वाघचौरेच्या कडेवर त्याची लेक होती. फुटबॉलचे नियम कोणाला ठाऊक? त्यांना ठाऊक होतो मी. त्यामुळे सगळे जग मैदानाच्या कडेला उभे, आणि हा आमचा गोतावळा थेट माझ्या गोलच्या मागे, जाळीला नाक लावून! मी चेंडू उचलून लांब लाथाडला तरी टाळ्या, चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तर ही सगळी वरात सायकली ढकलत मैदानाला वळसा घालून पुन्हा माझ्या पाठीशी हजर! पंचसुद्धा हसू लागले. आणि खरे सांगतो, त्या दिवशी मी बरा खेळत होतो. दोन चेंडू तर असे अडवले, की थॉमसनेही बाकावरून उठून शाबासकी दिली. पाठीमागून काकूंचा आवाज येई, "ह्योच का वं तुमचा गोली?" आणि अण्णांचे उत्तर येई, "ह्योच!" त्या एका शब्दात केवढा अभिमान होता, म्हणून सांगू!

शेवटची काही मिनिटे उरली होती, गोल कोणाचाच झालेला नव्हता. रेल्वेच्या एका गड्याने दुरून चेंडू मारला. मारला कसला, नीट लागलाच नाही त्याला. जमिनीवरून लोळत, रमतगमत तो चेंडू माझ्याकडे आला. लहान मुलानेही वाकून उचलावा असा. मी वाकलो. हात खाली गेले, आणि चेंडू त्या किमती हातांच्या मधून, पायांच्या मधून, मागे निघून गेला. मी वळून पाहिले. चेंडू जाळीत थांबला होता, आणि जाळीच्या पलीकडे अण्णा उभे होते. टाळ्या बंद झाल्या होत्या. एवढा नियम सर्वांना कळत होता. अण्णांनी बाहेरूनच चपलेच्या टोकाने जाळीआडून चेंडू हळूच माझ्याकडे ढकलला.

आम्ही हरलो, स्पर्धेतून गेलो, वर्षभरात संघही मोडला. पुढे मी अण्णांच्या हाताखाली लेथ रीतसर शिकलो आणि त्याच यंत्रावर म्हातारा झालो. हे सगळे मी पचवले आहे. पचत नाही ते त्या संध्याकाळचे.

सामना संपल्यावर मी तोंड लपवून कपड्यांच्या पिशवीत काहीतरी शोधत बसलो होतो. पायांचे आवाज आले. वर पाहिले तर सगळे खाते माना खाली घालून उभे. आता बोलतील, मी मनाशी म्हटले. अखेर बोलतील, आणि मी ऐकून घेईन! अण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "चुकलं आमचं. बुधवारी तुला थांबवून घेतलं, तितंच घोळ झाला. त्या दिवशी सराव झाला असता, तर ह्यो बॉल सुटला नसता." वाघचौरे, तो महावात्रट, डोळ्यांत पाणी आणून मान हलवत होता.

कुठला बुधवार? मला आधी आठवेचना. मग आठवले. निकडीचे काम आले होते, दोन यंत्रे बंद पडली होती, आणि त्या हंगामात प्रथमच त्यांनी मला तीननंतर थांबवले होते. भोंगा होईपर्यंत मी त्यांच्या रांगेत उभा होतो. माझे नग मी केले. सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही एकत्र चहा प्यायलो, आणि कप धरलेल्या इतक्या हातांत माझा हात कुठला, हे ओळखू येत नव्हते. अख्ख्या हंगामात तेवढ्या एका रात्री मी लाज न वाटता झोपलो होतो! आणि ही माणसे नेमक्या त्याच दिवसाबद्दल माझ्यापुढे अपराधी होऊन उभी होती.

मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो अण्णा, बुधवारचं काही नाही. उलट त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं." अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बग, काय मन हाय पोराचं! आमच्यापायी हरला, तरी एका शब्दानं बोलला नाय." सगळ्यांचे चेहरे हलके झाले. एकेक जण पुढे येऊन माझा हात हातात घेऊन, सायकल काढून, आपापल्या घरी गेला. हंगामभर ज्यांच्या हातचे नग माझ्या नावावर गेले, त्या माणसांना मी त्या संध्याकाळी क्षमा केली होती, आणि त्यांनी ती कृतज्ञतेने घेतली होती.